उसव म्हणजे उसव

आमच्या घरात ड्रायरची जाळी साफ करायचं काम माझ्याकडे आहे. गेली दीड-पावणेदोन वर्षं त्या जाळीत कपड्यांच्या धाग्यांबरोबर लाल, हिरव्या, जांभळ्या गवताच्या काड्या निघतात. मृणाल, म्हणजे माझी बायको, सुरुवातीला विचारायची, हल्ली तिनं विचारणं सोडलंय. शनिवारच्या क्लासहून आलो की माझ्या स्वेटरला या काड्या चिकटलेल्या असतात, आणि काड्यांबरोबर एखादा किस्साही घरी येतो. काड्या कचऱ्यात टाकता येतात. किस्से मात्र साठत जातात, आणि मग कुणाकडे पॉटलकला चार टाळकी जमली की मला राहवत नाही. तेव्हा ऐकाच!

आधी क्लास कसला ते सांगतो. आमच्या हर्नडनच्या कम्युनिटी सेंटरमध्ये शनिवारी दहा ते बारा टोपल्या विणायचा क्लास असतो. इथिओपियाच्या पूर्वेला हरार नावाचं एक जुनं तटबंदीचं शहर आहे, तिथल्या पद्धतीच्या टोपल्या. शिकवणाऱ्या फातुमाबाई तिथल्याच. वय अडुसष्ट, उंची जेमतेम पाच फूट, आणि त्यांच्यासमोर बसलं की शाळेतल्या मास्तरांची आठवण यावी असा एकूण कारभार.

मी मूळचा मिरजेचा. इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. टोपलीशी माझा संबंध आंब्याच्या सीझनपुरता. या क्लासला मी पोचलो तो ड्रायव्हर म्हणून. आमच्या शेजारच्या निखिलकडे त्याची आई, देशपांडे काकू, साताऱ्याहून येऊन राहिल्यात. काकूंना गौरीच्या फुलांसाठी स्वतःच्या हातानं परडी करायची होती. काकू ड्राइव्ह करत नाहीत, निखिलला शनिवारी काम, आणि मृणालनं मला न विचारता "मिलिंद सोडेल की" असं सांगून टाकलं.

जानेवारीचा महिना, बाहेर गुडघाभर बर्फ. दोन तास गाडीत कुडकुडण्यापेक्षा आत हीटरजवळ बसू म्हणून मी कोपऱ्यातल्या खुर्चीत फोन काढून बसलो. पाच मिनिटांत फातुमाबाई समोर उभ्या. त्यांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि ओल्या गवताची एक जुडी माझ्या हातात दिली. मी सांगितलं की मी विद्यार्थी नाही, नुसता ड्रायव्हर आहे.

"ड्रायव्हरला हात असतात," त्या म्हणाल्या.

फोन मला बारा वाजता परत मिळाला.

* * *

या टोपलीचं तंत्र ऐकायला सोपं आहे. गवताची जुडी गोल गोल गुंडाळत न्यायची, आरीनं भोक पाडायचं, रंगवलेली काडी त्यातून ओवून टाका घट्ट ओढायचा. फेरीवर फेरी चढत जाते आणि नक्षी आपोआप उमलते. फक्त एक टाका चुकला की पुढची सगळी नक्षी सरकते, आणि ते तुम्हाला तीन फेऱ्या झाल्यावर कळतं.

पहिल्या महिन्यात माझं तसंच झालं. काकूंनी जन्मभर स्वेटर विणलेले, त्यांना लांबूनच दिसलं. "मिलिंद, चुकलं रे तुझं. उसव," त्या म्हणाल्या.

फातुमाबाईंनी लगेच कान टवकारले. हा काय शब्द आहे? मी समजावलं, विणलेलं उलटं सोडवत जायचं, चूक सापडेपर्यंत. त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवून बघितला.

"चांगला शब्द आहे," त्या म्हणाल्या. "छोटा. रडायला वेळ देत नाही."

त्या दिवसापासून हा शब्द आमच्या मानगुटीवर बसला. बाई प्रत्येकाची टोपली हातात घेणार, पालथी करणार, डोळे मिटणार आणि उजवा अंगठा खालच्या बाजूनं गोल फिरवत नेणार. अंगठा थांबला की एकच शब्द, "उसव." आमच्यात सायली नावाची नागपूरची मुलगी आहे, इथल्या युनिव्हर्सिटीत गणितात पीएच.डी. करते. तिनं एकदा वाद घालून बघितला की यार, हजार टाक्यांत एक चुकलाय, कुणाला दिसणार आहे. बाईंनी काही बोलायच्या आधीच पलीकडून काकू म्हणाल्या, "उसव म्हणजे उसव."

मलाही त्याचा संसर्ग झाला. एका सोमवारी आमच्या मॅनेजरनं कॉलवर सांगितलं की रिलीजमध्ये एक छोटासा डिफेक्ट राहिलाय, पण तसंच पुढे जाऊ या. मी जोरात म्हणालो, "उसव!" माझा माइक म्यूटवर नव्हता. तिकडून मॅनेजरनं विचारलं की हे कुठलं नवीन टूल आहे का.

* * *

फातुमाबाईंच्या 'मावशी' कशा झाल्या, तेही सांगायला हवं. एका शनिवारी आम्ही मुकाट्यानं विणत बसलो होतो, इतक्यात दारातून हाक आली, "आय!"

काकू ताडकन उठल्या. साताऱ्याकडच्या खेड्यात त्यांचं बालपण गेलं, तिथे सगळी आळी आईला आयच म्हणायची. दारात बघतात तर एक उंच, सावळी, कुरळ्या केसांची मुलगी जेवणाचा डबा घेऊन उभी. ती हनान, बाईंची मुलगी. इथेच जन्मलेली, एका फार्मसीत फार्मसिस्ट आहे. हरारच्या भाषेत आईला आयच म्हणतात असं कळलं, आणि काकूंनी तिथल्या तिथे निकाल दिला की ही बाई आपल्याकडचीच आहे, मध्ये समुद्र आला म्हणून चुकामूक झाली. तेव्हापासून आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायला लागलो.

त्याच दिवशी मावशींनी या क्लासमागचं खरं कारण सांगितलं. हरारच्या घरात बैठकीची भिंत टोपल्यांनी भरलेली असते. मुलगी लग्न होऊन जाते तेव्हा आईच्या हातच्या टोपल्या तिच्या भिंतीवर चढतात. मावशींच्याही होत्या, त्यांच्या आईनं आणि त्यांनी मिळून केलेल्या. देश सोडायची वेळ आली ती अशी घाईची की भिंत तशीच मागे राहिली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हनानचं लग्न होतं. तिच्या भिंतीसाठी एक तरी मोठी टोपली मावशींना करायची होती, आणि तिच्यात हनानचा निदान एक टाका हवा होता. मुलीनं घरी शिकायला नकार दिला म्हणून त्यांनी गावाला शिकवायला घेतलं. दर शनिवारी डबा घेऊन हनान आली की आरी तिच्यापुढे धरायच्या.

"नेक्स्ट वीक, आय," हनान म्हणायची. "माझ्या हातांना फक्त गोळ्या मोजता येतात."

मावशी आरी पुन्हा पर्समध्ये ठेवायच्या.

* * *

आता या मार्चमधली गोष्ट. मावशींनी आमच्यासाठी त्यांच्या गावचा खास रस्सा आणला होता. मेथीची पूड भिजवून, फेसून फेसून पांढरी करतात आणि रश्श्यावर ओततात. काकूंसाठी बिनमटणाचा, बटाट्याचा वेगळा. सेंटरच्या किचनमध्ये तो गरम करायला ठेवला आणि सगळ्या कॉरिडॉरभर मेथीचा वास सुटला.

काकू दारातच थबकल्या. आपल्याकडे सकाळच्या प्रहरी घरात एवढा मेथीचा वास येतो तो एकाच कारणानं, बाळंतपणाच्या तयारीला. त्यांनी खोलीत नजर फिरवली. मावशींचं वय गेलेलं. सायली कडकडीत सिंगल. राहता राहिली हनान, ती नेमकी ढगळा स्वेटर घालून उभी. काकूंनी तिला बाजूला घेतलं, गालावरून हात फिरवला आणि प्रेमानं विचारलं, "व्हिच मंथ?"

हनानला वाटलं, लग्नाचं विचारतायत. "ऑगस्ट, आंटी."

काकूंनी बोटांवर हिशेब केला, तो बरोबर जमला. मग त्यांनी मावशींचे दोन्ही हात धरून अभिनंदन केलं. मावशींनाही वाटलं लग्नाचंच चाललंय. त्या म्हणाल्या, हो हो, ऑगस्ट, सगळ्यांनी यायचं, आधीपासून सुट्टी काढून ठेवा.

घरी जाताना काकू गाडीत सीटबेल्ट लावून नीट बसल्या. मग म्हणाल्या, "बघ मिलिंद, किती मोकळ्या विचारांची माणसं. मुलीचं लग्न व्हायचंय अजून, आणि बाळाचं आमंत्रण गावभर!" मी म्हणालो, काकू, ऑगस्टमध्ये तिचं लग्न आहे, तुमचं काहीतरी चुकतंय. तर मला म्हणाल्या, चार बाळंतपणं मी काढलीत, तू काढलीस का?

पुढच्या शनिवारी त्यांनी हनानसाठी मेथीचे लाडू करून आणले. हनाननं दोन लाडू खाल्ले आणि विचारलं की आज काय विशेष. मग सायलीला सगळं उलगडून सांगावं लागलं. हनान हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. काकूंचा चेहरा मात्र पडला. मावशी अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी एक लाडू उचलला, तोडला, शांतपणे चावून खाल्ला.

"मेथी कमी आहे," त्या म्हणाल्या.

* * *

मावशींनी एकदा फळ्यावर हरारच्या घराचं चित्र काढून दाखवलं. एकच मोठी खोली, तिच्यात बसायला वेगवेगळ्या उंचीचे ओटे, मानाप्रमाणे कुणी कुठल्या ओट्यावर बसायचं ते ठरलेलं. ओट्यांना लाल मातीचा रंग देतात. काकू लगेच म्हणाल्या, "गेरूच की!" दाराच्या वर एक आडवी दांडी असते. त्या दांडीवर गालिचाची गुंडाळी ठेवलेली दिसली की पाहुण्याला न विचारता कळतं, या घरात लग्नाची मुलगी आहे.

काकूंना ही सोय फारच आवडली. त्यांनी विचारलं, आणि लग्नाचा मुलगा असला तर काय ठेवतात?

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "मुलांच्या आया स्वतःच सांगत फिरतात."

पुढे सायलीला फ्लू झाला तेव्हा मावशी सामोसे घेऊन तिच्या अपार्टमेंटवर गेल्या. तिथेही सामोसेच असतात, आत मसूर. सायलीची खोली एवढीशी. सामान ठेवायला जागा नाही म्हणून तिनं योगा मॅट गुंडाळून दाराच्या वरच्या फळीवर टाकलेली. मावशींनी आत शिरताना वर बघितलं आणि सामोसे ठेवून आल्या.

शनिवारी क्लासमध्ये सायलीसमोर तीन फोटो. पहिला डॉक्टर, मेरीलँडला असतो. दुसरा इंजिनिअर, आई चांगली आहे. तिसरा थोडा बुटका, पण स्वतःचं घर आहे. सायली कळवळून म्हणाली, "मावशी, ती योगा मॅट आहे!"

"मग खाली काढ," मावशी म्हणाल्या. "लोक फसतात."

मॅट अजून वरच आहे.

* * *

मध्यंतरी क्लास बंद पडायची वेळ आली. सेंटरचा नियम असा की किमान चार नावं हवीत. आमच्यातल्या एक कोरियन आजी मुलीकडे टेक्ससला राहायला गेल्या आणि आम्ही तीनच उरलो. दोन आठवड्यांत चौथं नाव आलं नाही तर क्लास कॅन्सल, असं सेंटरनं ईमेलमध्ये कळवलं. मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, सायलीनं युनिव्हर्सिटीत पोस्टर लावलं. सगळ्यांनी खूप लाइक केलं, आलं कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, मला लवकर सोड. नऊ वाजता त्या सेंटरच्या लॉबीत, पिकलबॉलच्या कोर्टाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. काकूंचं इंग्लिश बेताचं, पण त्यांना एकच वाक्य लागणार होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्या विचारायच्या, "यू हॅव हँड?" बरीच माणसं घाबरून बाजूला झाली. मी लांब उभा राहून दुसऱ्यांबरोबर असल्यासारखा चेहरा करत होतो.

शेवटी एक सहा फुटी गडी गुडघ्याला बर्फाची पिशवी लावून बाकावर बसलेला त्यांना सापडला. तो डग, रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर.

"यू हॅव हँड?"

डगनं दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "टू, मॅम."

"कम."

आणि तो आला. एकेक बोट केळ्याएवढं, पण ट्रकचे दोर आवळून आवळून त्याचा टाका आमच्या सगळ्यांपेक्षा घट्ट. तो दर शनिवारी टोपल्या विणतो यावर त्याच्या बायकोचा विश्वास बसेना. महिन्याभरानं ती खरं-खोटं करायला आली आणि दारातून आत डोकावली. मावशींनी तिच्या हातात गवत दिलं. आता आम्ही पाच जण आहोत.

* * *

हा किस्सा छोटासाच आहे. मावशींच्या टाउनहाऊसच्या मागे झाडी आहे. उरलेलं मटण त्या तिथे वाडग्यात घालून ठेवतात, कोल्हा येऊन खातो. कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं की वन्य प्राण्यांना खायला घालू नये. ते पत्र त्या क्लासमध्ये घेऊन आल्या. हरारला रोज तरसांना वेशीवर बोलावून मांस भरवतात, आणि तटाला खाली मुद्दाम भोकं ठेवलीत, तरसांना आत-बाहेर करता यावं म्हणून. रस्ते साफ होतात आणि तरस माणसाच्या वाटेला जात नाही.

मी पत्राला सभ्य भाषेत उत्तर लिहून दिलं, की यापुढे असं होणार नाही. मावशींनी ते वाचलं आणि परत केलं.

"आम्ही तरसाला नावानं हाक मारून घास देतो, तो आम्हाला खात नाही," त्या म्हणाल्या. "इथे कोल्हा आला की माणसाला पत्र पाठवतात."

* * *

मे महिन्यात मावशींचा उजवा अंगठा गेला. गेला म्हणजे सांधा झिजून सुजला. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधला आणि सांगितलं की आता काही महिने आरीला हात लावायचा नाही. हनानची मोठी टोपली तेव्हा निम्म्याहून थोडी पुढे गेलेली. लग्नाला तीन महिने.

आम्ही म्हणालो, आम्ही पुरी करतो. मावशींनी मान हलवली. त्यांच्या घरची रीत अशी की नवरीच्या टोपलीला घरच्या माणसाशिवाय कुणाचा हात लागत नाही. मग अर्धी टोपलीच भिंतीवर लावीन, त्या म्हणाल्या, काड्या लोंबतायत तशीच. आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. दीड वर्ष जिनं आमचा एकही टाका सुटू दिला नाही, तिनं स्वतःचं काम अर्धं सोडायचं म्हणजे काय? मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात काकू खुर्ची ओढून मावशींच्या समोर जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, मी बोलते ते एकेक शब्द इंग्लिशमध्ये सांग.

"आम्ही तुम्हाला मावशी म्हणतो. मावशी म्हणजे कोण? आईची बहीण. म्हणजे तुम्ही माझी बहीण. हा तुमचा भाचा, ही भाची. आता सांगा, परकं कोण आहे इथे?"

मी सांगितलं. मावशींनी आमच्या एकेकाकडे नीट बघितलं. मग त्यांनी डगकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

काकूंनी डगला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "प्रत्येक लग्नात एक माणूस असा असतो, ज्याचं नातं कुणालाच सांगता येत नाही, पण सगळी कामं तोच करतो."

मी तेही भाषांतर करून सांगितलं. डगनं अगदी गंभीरपणे मान डोलावली. मावशींनी आरी काढून त्याच्या हातात दिली.

मग आम्ही कंबर कसली. शनिवारबरोबर मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळीही मावशींच्या डायनिंग टेबलाभोवती बसायला लागलो. सायलीनं सगळी नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवून घेतली. मावशी डाव्या अंगठ्यानं तपासायच्या, आणि डावा अंगठा उजव्यापेक्षा कडक निघाला. जुलैत एका आठवड्यात माझ्या चार फेऱ्या उसवल्या. मी चिडलो, घरी येऊन आता जाणार नाही म्हणालो आणि गुरुवारी पुन्हा गेलो. हनान कामावरून यायची, थोडा वेळ दारात उभी राहून बघायची आणि वर निघून जायची. मावशींनी तिला विचारायचं आता थांबवलं होतं.

लग्नाच्या आधीच्या शनिवारी शेवटची फेरी झाली. ती नुसती लाल, नक्षी नाही. मी टेस्टिंगवाला, मी दिव्याखाली धरून टाकानटाका तपासला. मग मावशींनी डोळे मिटून डावा अंगठा फिरवला. अंगठा कुठेही थांबला नाही. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि डगनं नाक शिंकरलं. टोपली आम्ही डायनिंग टेबलावर तशीच ठेवून घरी आलो.

* * *

लग्न हर्नडनच्याच एका बँक्वेट हॉलमध्ये होतं. एक अख्खी भिंत मावशींनी हरारच्या घरासारखी सजवली होती, आणि मधोमध आमची टोपली. आम्ही पाचही जण हातात प्लेटी घेऊन तिच्यासमोरच घुटमळत होतो. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की मी मुलीची मावशी.

जेवणाच्या आधी तीन म्हाताऱ्या बायका भिंतीपाशी आल्या. सायलीनं हळूच सांगितलं, या मेरीलँडच्या, हरारमध्ये यांच्या हातच्या टोपल्यांचं नाव होतं. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजींनी आमची टोपली खाली काढायला लावली, पालथी केली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवायला सुरुवात केली. आजूबाजूची माणसं जवळ सरकली. मावशी पाठ ताठ करून उभ्या होत्या. अंगठा फिरत फिरत वर आला, अगदी शेवटच्या फेरीवर.

आणि थांबला.

मी वाकून बघितलं. सगळ्या लाल टाक्यांच्या मध्ये एक हिरवा टाका. सैल, वाकडा, काडीचं टोक बाहेर आलेलं. शनिवारी तो तिथे नव्हता. मी शपथेवर सांगतो, नव्हता.

आजींनी त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. काय विचारलं ते भाषांतराशिवाय कळलं. आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघायला लागलो. डगची मान खाली गेली. दुसऱ्याची चूक स्वतःवर घेणं माझ्या धंद्यात बसत नाही, पण मी प्लेट खाली ठेवली आणि पुढे व्हायला निघालो. माझ्या आधी नवरी खुर्चीवरून उठली. लाल-काळा रेशमी झगा दोन्ही हातांनी सावरत हनान गर्दीतून वाट काढत आली आणि टोपलीपाशी उभी राहिली.

"माझा आहे, आय."

मावशींनी टोपली हातात घेतली. डावा अंगठा त्या हिरव्या टाक्यावरून एकदा नेला, मग पुन्हा एकदा नेला. आजी थांबल्या होत्या, फोटोग्राफर थांबला होता, नवरदेव मागे उभा होता. मावशींनी मान वर करून मुलीकडे बघितलं.

"उसव," त्या म्हणाल्या.

हनाननं मेंदी काढलेला उजवा हात पुढे केला, आणि मावशींनी पर्समधून आरी काढली.